वीस जोड्या

शहराबाहेर, कोरमंगलाच्या तलावापलीकडे जाधवपाळ्य नावाची मराठ्यांची एक वस्ती होती. वीसेक घरं. त्यांचे पूर्वज कुणाच्या फौजेबरोबर इकडे उतरले, ते त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नसे. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि भांडण लागलं की दोन्ही.

या वस्तीत जमिनीची किंमत रुपयांत बोलत नसत. बैलजोड्यांत बोलत. अमक्याचं कोरडवाहू रान एकराला सहा जोड्या, तमक्याचा मळा दहा. रुपया हातात यायचा तो नाचणी, म्हणजे तिकडची रागी, विकल्यावर. आणि उगादी-पाडव्याच्या आत संपायचा. बैल मात्र रोज दावणीला दिसायचे. बैल काय खातो, किती ओढतो, कधी बसतो, हे लहान पोरालाही ठाऊक. म्हणून जमिनीला माप बैलाचं.

वर्षाचा भाव ठरायचा शेंगांच्या जत्रेत. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आसपासचे शेतकरी बसवनगुडीच्या मोठ्या बसवण्णाला, म्हणजे नंदीला, नव्या भुईमुगाच्या शेंगा वाहतात. शेंगा वाहून झाल्या की जाधवपाळ्यातले कर्ते पुरुष देवळामागच्या खडकावर बसायचे. वर्षभरात कुणी शहरवाला जमीन विचारून गेला असेल, तर तो किती बोलला ते सांगायचं. तो रुपयांत बोललेला असायचा. त्या रुपयांत यंदा किती जोड्या येतील, ते हणमंतराव सांगायचे. हणमंतराव वयानं सगळ्यांत मोठे, बैलांच्या बाजारात मुरलेले. त्यांच्या तोंडून आकडा पडला की पुढच्या जत्रेपर्यंत तोच चालायचा.

एकोणीसशे चौपन्न साली आकडा पडला एकराला आठ. त्या वर्षी कल्लाप्पा सव्वीस वर्षांचा होता.

बाप गेला तेव्हा कल्लाप्पा पोरसवदा होता. चार एकर रान थोरल्या भावाच्या, पिराजीच्या नावावर चढलं. त्यातलं निम्मं कल्लाप्पाचं, हे सगळी वस्ती जाणून होती. पिराजीही नाही म्हणत नसे. पण पिराजीची पाठ एकदा रागीचं पोतं उचलताना भरली, आणि त्यानंतर ती कधी मोकळी झाली नाही. जेवायला बसताना दुखत नसे. जत्रेला चालत जाताना दुखत नसे. नांगराला हात लावला की दुखे.

म्हणून नांगर कल्लाप्पाचा. मोट कल्लाप्पाची. पेरणी, काढणी, मळणी कल्लाप्पाची. रान उताराचं, तांबड्या मातीचं. जोराचा पाऊस झाला की माती तलावात. कल्लाप्पानं तीन उन्हाळे खपून खालच्या अंगाला बांध घातला. नुसती माती ओढून ढीग केला नाही. वीतभर माती, तिच्यावर पाणी, मग धुमसानं ठोकायची. टाच रुतेनाशी झाली की वरचा थर. धुमस उचलताना खांदा जातो, आपटताना मनगट. पहिल्या उन्हाळ्यात त्याच्या तळव्यांची सालं निघाली, दुसऱ्या उन्हाळ्यात निघाली नाहीत. बांध असा बसला की भर पावसात त्याच्यावरून भरली गाडी जायची. पिराजी त्या बांधावर बसून पान खायचा.

वस्तीतले म्हणायचे, "पिराजीकडं दीड जोडी आहे." दोन बैल आणि कल्लाप्पा. कल्लाप्पाच्या तोंडावर म्हणायचे. तोही हसायचा.

शेजारच्या सयाजीची मुलगी चंपा कल्लाप्पाला द्यायची, असं बोलणं झालं होतं. सयाजीची अट एकच होती, आणि ती त्यानं पिराजीच्या ओट्यावर बसून सांगितली.

"पोरगी देतो. पण तुझ्या उंबऱ्याच्या आत नाही देत. तुझ्या गंगव्वाच्या हाताखाली माझी पोर टिकायची नाही. कल्लाप्पाला त्याचा वाटा दे. तो विकू दे, नाहीतर त्यावर खोपटं घालू दे. वेगळी चूल दिसली की मी हळद लावतो."

पिराजीनं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "वाटा मी नाही म्हणतोय का? पण आठानं विकायचा? सयाजी, जरा थांब. वीस होऊ दे. वीस झाल्या की दोघांचं रान एकदम काढू. मग वेगळी चूल काय, माडी बांधून देतो."

"वीस कुठून काढल्यास?"

"जयनगरला दगड रोवलेत, बघितले नाहीस? रस्ते आखलेत. शहर इकडंच सरकतंय. वीस होणार."

वीस हा आकडा कुठून आणला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण तोंडातून पडला तो पडला. पिराजीची बायको गंगव्वा चूल फुंकताना वीस म्हणू लागली. कल्लाप्पाही म्हणू लागला. आठाच्या वीस व्हायला किती लागतं? दोन वर्षं, फार तर तीन.

सयाजी स्वतः मात्र थांबला नाही. पंचावन्न साली त्यानं आपलं दोन एकर रान एकराला नऊ जोड्यांच्या भावानं बिंदुमाधव कंत्राटदारांना विकलं. जयनगरच्या कडेला घर बांधलं आणि पुढं चाऱ्याची वखार टाकली. वस्ती त्याला हसली. पुढच्या जत्रेत आकडा दहा पडला, तेव्हा लोक वाट वाकडी करून वखारीवर सांगायला गेले. "सयाजीअण्णा, एकरामागं एक जोडी दान केलीस रे!"

चंपा वखारीची गाडी घेऊन रागीचा पेंढा न्यायला यायची. कल्लाप्पा खालून पेंढ्या फेकायचा, ती गाडीत उभी राहून रचायची. बोलणं तेवढ्यातच.

"यंदा किती पडल्या?"

"बारा."

"मला एकोणीस लागलं. तुमच्या रानाच्या आधी माझे वीस होणार बघा."

"अण्णा म्हणतो, आणखी वर्ष दीड वर्ष."

"अण्णा म्हणतो, अण्णा म्हणतो! तुम्ही काय म्हणता? कारखान्यात भरती चाललीय. आमच्या शेजारचा पोरगा लागला. तुमच्या निम्मं काम करतो आणि भोंगा वाजला की घरी येतो."

"रान सोडून गेलास तर वाटाही सोडून गेलास, असं अण्णानं बजावलंय."

चंपानं पेंढी गुडघ्याखाली दाबली. "मग ओढा," ती म्हणाली.

तो ओढत राहिला.

बिंदुमाधव कंत्राटदार वर्षातून एकदा यायचे. सायकल बांधाला टेकवायचे, टोपी काढून घाम पुसायचे आणि रान बघायचे. अठ्ठावन्नच्या जत्रेत आकडा तेरा पडला, त्यानंतर ते आले आणि थेट कल्लाप्पाशी बोलले.

"तुझ्या वाट्याचे दोन एकर मला दे. पैसे रोख. शिवाय रस्त्याकडचा कोपरा तुझ्यासाठी सोडतो, दोन खोल्यांपुरता. पिराजीचा अंगठा तेवढा आण."

"सयाजीअण्णाला दिलात तोच भाव?"

"त्याहून स्वल्प जास्त. पण फार नाही. खोटं कशाला बोलू? भाव तेवढाच आहे."

कल्लाप्पाला हे विचित्र वाटलं. नवाच्या तेरा झाल्या आणि हे म्हणतात भाव तेवढाच. शहरातला माणूस असंच बोलणार, असं धरून त्यानं ते सोडून दिलं. पण दोन खोल्यांचा कोपरा त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं घरी येऊन पिराजीकडे अंगठा मागितला.

"तेरानं?" पिराजी ओरडला. "गंगव्वा, ऐकलंस का? साहेबांना लग्नाची घाई झालीय. एकरामागं सात जोड्या सोडून द्यायला निघालेत. आपल्या बापानं कधी एवढे बैल एका जागी बघितले होते का रे?"

"भाऊजी, ताटात रागीचा गोळा कमी पडतो का तुम्हाला?" गंगव्वा म्हणाली.

कल्लाप्पा उठून गोठ्यात गेला. तो गोठ्यातच झोपायचा.

पुढच्या पावसाळ्यात मोटेच्या उतारावर काळ्या बैलाचा पाय घसरला. पुढचा पाय मोडला आणि बैल गेला. वस्तीत लगेच निघालं, "आता पिराजीकडं बरोबर एक जोडी उरली. कल्लाप्पा, जू धर!"

आणि त्यानं खरोखर धरलं. पेरणी अडली होती, ओल उडत होती, मागून आणायला कुणाचा बैल मोकळा नव्हता. जुवाच्या एका टोकाला राम्या बैल, दुसऱ्या टोकाला कल्लाप्पा, मागं पेरणीची पाभर धरून गंगव्वा. पिराजीची पाठ दुखत होती. जू बैलाच्या वशिंडापुढं बसावं असं घडवलेलं असतं. माणसाला वशिंड नसतं. लाकूड थेट मानेच्या हाडावर बसतं. बैल आपल्या चालीनं चालतो, शेजारी माणूस आहे म्हणून हळू होत नाही. तास संपून वळताना बैल आतल्या अंगाला असला तर बाहेरच्याला पळावं लागतं. कल्लाप्पा पळाला. राम्या थांबला की तोही थांबायचा, आणि गंगव्वा दोघांनाही एकाच शब्दानं हाकायची.

पेरणी पुरी झाली. त्याच्या मानेवर आवळ्याएवढी गाठ आली ती कायमची राहिली.

मग पिराजीनं कमरेची पिशवी सोडली. "एक बैल आण. चांगला बघून. माझी पाठ असती तर मीच गेलो असतो."

गुरांचा बाजार शहराच्या दुसऱ्या टोकाला भरायचा. कल्लाप्पा तिथं पहिल्यांदाच गेला. एवढे बैल त्यानं एका जागी कधी पाहिले नव्हते. पण घ्यायला आलेला शेतकरी दिसेना. जो तो विकायला आलेला. कुणाच्या रानावर कारखाना, कुणाच्या रानावर वसाहत, कुणाच्या रानातून रस्ता. रान गेलं, बैल उरले, आणि उरलेल्या बैलाला चारा लागतो. घेणारे दोनच जातीचे होते. दगडाच्या गाड्या हाकणारे, आणि खाटकाची माणसं.

एका पांढऱ्या जोडीपुढं तो थांबला. हल्लीकर जातीची, कोवळी, शिंगं मागं झुकलेली. दलालानं त्याचा हात पंच्याखाली ओढला. या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. पंच्याखाली बोटं धरून सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. कल्लाप्पानं एक बोट सोडवून घेतलं. दलालानं सोडू दिलं. त्यानं आणखी एक सोडवलं. दलालानं तेही सोडलं.

"सरी, पटलं. यातला कुठला घेऊ? उजवा की डावा?" कल्लाप्पानं विचारलं.

"अण्णा, हा जोडीचा भाव आहे."

बैलांचा धनी म्हातारा होता. त्यानं दोन्ही कासरे कल्लाप्पाच्या हातात कोंबले. "घेऊन टाका. तुम्ही नाही घेतलेत तर तो उभा आहे बघा. तो वजनानं घेतो."

एका बैलाच्या पैशांत दोन बैल घेऊन कल्लाप्पा निघाला. जयनगरच्या अलीकडे त्याचे पाय जागीच थांबले. त्याला पाटीवरचा हिशेब येत नव्हता, पण आताच सोडवलेली बोटं त्याच्या लक्षात होती. बिंदुमाधवांचे रुपये नवाच्या वर्षी जेवढे होते, जवळजवळ तेवढेच तेराच्या वर्षी होते. ते जागचे हलले नव्हते. हलला होता तो बैल, आणि खाली. जिकडे तिकडे रानं जात होती, तिथले बैल बाजारात येऊन स्वस्त होत होते, आणि जाधवपाळ्यातले लोक खडकावर बसून त्यालाच आपल्या रानाचं चढणं समजत होते. वीस झाल्या तरी हातात येणारे रुपये तेच असणार होते. चंपाचं मात्र एकविसावं चालू होतं.

तो रस्त्याच्या कडेला बसला. बैल गवत तोडू लागले.

घरी पिराजीनं जोडी फिरून पाहिली, दात पाहिले, शेपट्या पिळून पाहिल्या. "एकाच्या पैशांत दोन! गंगव्वा, ओवाळ त्यांना." वस्तीतल्यांचा हिशेबही तयार होता. "तीन बैल आणि कल्लाप्पा. आता पुऱ्या दोन जोड्या झाल्या."

"अण्णा," कल्लाप्पा म्हणाला, "रान चढलेलं नाही. बैल उतरलाय."

"काय?"

त्यानं सगळं सांगितलं. बाजार, म्हातारा, पंच्याखालची बोटं. "थांबून काही होणार नाही. बिंदुमाधव अजून घेतायत. अंगठा दे."

पिराजीच्या हातात नवा कासरा होता. तो त्यानं कल्लाप्पाच्या तोंडावर मारला. "माझ्या रानाला नाट लावतोस?"

कल्लाप्पा कार्तिकापर्यंत थांबला. जत्रेत त्यानं बसवण्णाला शेंगा वाहिल्या आणि तो खडकावर चढला. धाकट्यानं तिथं बसायची पद्धत नव्हती. तो उभाच राहिला. हणमंतरावांनी नुकताच आकडा टाकला होता. पंधरा.

"हणमंतराव, बैल निम्म्यावर आलाय. तुम्ही बाजारात जाता. तुम्हाला माहीत आहे."

हणमंतराव शेंगा सोलत होते. "बैलांना मंदी आहे," ते म्हणाले. "ती गोष्ट वेगळी. जमीन वेगळी."

"मापच बैलाचं आहे ना?"

तिथं बसलेल्या प्रत्येकानं त्या आकड्यावर काही ना काही अडवून ठेवलं होतं. कुणी पोराचं लग्न, कुणी गळकं छप्पर, कुणी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. आणि हा उभा राहून सांगत होता की तुम्ही फुकट थांबलात.

"त्याचं मनावर घेऊ नका," पिराजी म्हणाला. "मधे जुवाखाली होता ना, तेव्हापासून बैलांची बाजू घेतो."

सगळे हसले. हणमंतराव हसता हसता खोकले, त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. कुणीतरी मूठभर टरफलं कल्लाप्पापुढं टाकली. "खा रे, खा." तेव्हा आणखी हसले. पंधरा कायम झाल्या.

खडकावरून उतरताना सयाजी भेटला. त्यानं वरचं सगळं ऐकलं होतं.

"तू बरोबर आहेस," सयाजी म्हणाला.

कल्लाप्पा थांबला.

"पण बरोबर आहेस म्हणून मी पोरगी देत नाही. घर आहे म्हणून देतो. घर आहे का?"

साठ साली चंपाचं लग्न कारखान्यातल्या एका फिटरशी झालं. भांडी आणि ट्रंक पोचवायला सयाजीला वखारीच्या गाडीशिवाय आणखी एक गाडी हवी होती. पिराजीनं भाड्यानं दिली. हाकायला कल्लाप्पा. नवरा सायकलवरून पुढं गेला होता, चंपा मागं ट्रंकेवर बसली होती. चढ लागला तसे पांढरे बैल सावकाश झाले.

"किती आहेत सध्या?" तिनं विचारलं.

"पंधरा."

"बऱ्या आहेत," ती म्हणाली.

पोचल्यावर त्यानं ट्रंक मानेवर घेतली. तिचा कोपरा त्या गाठीवर बसला आणि तो जरासा वाकला.

"ते काय झालंय मानेला?"

"जू."

तिनं पदरानं हात पुसले आणि ती आत गेली.

त्रेसष्ट साली रानात लाल निशाणं लागली. सरकार वसाहतीसाठी जमीन घेणार होतं. घरं राहणार, रानं जाणार. त्यानंतर विकणं-घेणं बंद झालं आणि बिंदुमाधवांची सायकल पुन्हा आली नाही. मोजण्या चालू राहिल्या, कल्लाप्पा निशाणांच्या मधून नांगरत राहिला. सहासष्ट साली साहेबानं चिंचेखाली टेबल मांडून एकराचा भाव वाचून दाखवला. सयाजीला अकरा वर्षांपूर्वी मिळाले होते, जवळपास तेवढेच रुपये होते.

हणमंतराव वारले होते. आकडा सांगायला कुणी नव्हतं. पिराजीनं त्या वर्षीचा बैलाचा भाव धरून स्वतःच बोटं मोजली. परत मोजली.

"वीस!" तो ओरडला. "वीस झाल्या! सांगितलं होतं की नव्हतं?"

साहेबाला वाटलं, माणसाला उन्हाचा झटका आला. पिराजीनं पुढं होऊन सगळ्यांच्या आधी अंगठा उठवला. बाकीच्यांनी भाव कमी आहे म्हणून हरकत नोंदवली, आणि पुढं काही वर्षांनी कोर्टातून त्यांना वाढवून मिळालं. पिराजीची हरकत नव्हती. त्याच्या वीस झाल्या होत्या.

पैसे आले त्या दिवशी कल्लाप्पा दारात येऊन उभा राहिला. तोवर त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते.

"अण्णा, माझा वाटा."

"बस. जेव आधी."

"वाटा दे. वीस झाल्या."

पिराजीनं पानाचा डबा बंद केला. "इतकी वर्षं दोन वेळा जेवलास. अंगावर कपडा घातलास. गोठ्याचं भाडं मी धरत नाही, भाऊ आहेस. पण हे सगळं वजा केलं की काय उरतं, तूच सांग. तुला तर हिशेब येतो. खडकावर शिकवायला आला होतास."

"मी राबलो, अण्णा."

"बैलही राबले. ते कुठं वाटा मागतात?"

गंगव्वा आतून म्हणाली, "ती पांढरी जोडी द्या की त्यांना. रान गेलं, आता चारा कोण घालतंय?"

"दिली," पिराजी म्हणाला. "भावाला काही दिलं नाही, असं कुणी म्हणायला नको."

राम्या आधीच मेला होता. पांढरी जोडी आता उतरत्या वयाची. कल्लाप्पानं ती घेतली आणि तो त्याच गोठ्यात राहिला, कारण दुसरीकडं जोडी बांधायला जागा नव्हती.

घेतलेलं रान सपाट करायचं काम निघालं. यंत्र अजून आलेलं नव्हतं. केणी ओढायला जोडीसकट माणसं हवी होती. केणी म्हणजे माती ओढायची रुंद फळी. बैल पुढून ओढतात, माणूस मागून दांड्यावर भार देऊन तिला मातीत घुसवतो. भार कमी पडला तर ती नुसती सरकते. जास्त झाला तर बैल गुडघ्यांवर येतात. भार नेमका देणारी माणसं थोडी. कल्लाप्पाला काम मिळालं. त्यानं विहीर बुजवली. खळं मोडलं. मग बांध आला.

बांध हलेना. केणीची लोखंडी कड वाकली. दुसरी लावली, तीही वाकली. मुकादम गुरुराज कमरेवर हात ठेवून बघत होता.

"कुठल्या गाढवानं ठोकलाय हा?"

"होता एक," कल्लाप्पा म्हणाला. त्यानं पहार मागून घेतली.

थर सुटत गेले. धुमसाचे ठसे प्रत्येक थरावर जसेच्या तसे होते. सुटलेली ढेकळं फोडायची, मग केणीनं ओढायची. बैलांच्या तोंडाला फेस यायचा. त्यानं कुठं उंचवटा ठेवला नाही, कुठं खळगा ठेवला नाही. गुरुराजानं दोरी ताणून पाहिलं आणि त्याला दोष काढता आला नाही. पिराजी रोज येऊन दगडावर बसायचा, पान खायचा आणि प्लॉट किती मोठे पडणार ते विचारायचा.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात यंत्र आलं. गुरुराज म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

कल्लाप्पा जोडी घेऊन बाजारात गेला. या वेळी दलाल फारसे नव्हतेच. खाटकाच्या माणसानं बैलांचे दात पाहिले नाहीत. त्यानं मांड्या दाबून पाहिल्या आणि पंचा पसरला. कल्लाप्पानं हात आत घातला. त्या माणसानं बोटं धरली. धरली ती इतकी थोडी, की कल्लाप्पा आणखी पडतील म्हणून हात तसाच ठेवून उभा राहिला. पडली नाहीत.

"सरी," तो म्हणाला.

त्यानं कासरे सोडून घेतले. बैल दुसऱ्या दोरीनं गेले. त्यांनी मान वळवली नाही. चालायला सांगितलं की चालायचं, हे त्यानंच त्यांना शिकवलं होतं.

पिराजी ओट्यावर बसला होता, कमरेमागं उशी घेऊन.

"विकलीस? किती आले?"

कल्लाप्पानं सांगितलं.

"जोडीला?"

"जोडीला."

"एवढेच?"

"एवढेच, अण्णा."

पिराजीचे ओठ हलू लागले. तो बोटं मोजत होता. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, तो पुन्हा पहिल्यावर आला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"पन्नास," तो म्हणाला. "अरे, या भावानं आपल्या रानाच्या एकराला पन्नास जोड्या झाल्या! वीस कुठं घेऊन बसलोय आपण? गंगव्वा! पन्नास!"

उशी बाजूला फेकून तो उठला. चपला पायात सरकवल्या आणि वस्तीला सांगायला निघाला. कमरेवर हात नव्हता. पायऱ्या त्यानं दोन दोन करून उतरल्या, चिखलाचा चर उडी मारून ओलांडला आणि तो झपाझप चालू लागला.

कल्लाप्पा गोठ्याच्या दारात कासरे हातात घेऊन उभा होता. चिंचेपाशी वळेपर्यंत त्याला भावाची पाठ दिसत होती. ती ताठ होती.